आमच्या घरात आई एकच

गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले सर शाळाबाह्य मुलांची पाहणी करायला आमच्या सपरीत येऊन बसले, तेव्हा माझा मुलगा तिथेच सोयाबीनच्या पोत्यावर पालथा पडून बेरजा करत होता. सपरी म्हणजे घराची पुढची, टिनाखालची मोकळी जागा. येणारा-जाणारा आधी तिथेच टेकतो.

सरांनी विचारलं, "काय रे, कोन्त्या शाळेत जातं?"

"याच." त्यानं पाटीवरून मानही उचलली नाही.

"शिकवते कोन?"

"काकू."

"अन् तुही आई?"

"आई सैपाक करून राह्यली."

सरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे माझ्या थोरल्या जाऊबाई कढीला फोडणी देत होत्या. मग पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमी काकू म्हंजे. जरा लेकराच्या आईले बोलावता काय?"

"आई मीच होय," मी म्हटलं.

सरांनी एकदा मुलाकडे, एकदा माझ्याकडे आणि एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग पेन कानावर अडकवलं आणि चहाची वाट पाहत बसले. त्यांना समजावून सांगण्यात माझा अर्धा तास गेला आणि जाताना त्यांना कितपत समजलं होतं याची मला शंकाच आहे. मला तरी कुठे समजलं होतं?

केनवडच्या आमच्या घरात तीन भाऊ, तीन जावा, सासूबाई आणि आठ लेकरं, चूल एक. एवढ्या माणसांत कोण कोणाला काय म्हणतं याला नियम नसतो, सवय असते. सगळ्यांत आधी झाला थोरल्या जाऊबाईंचा मुलगा. तो त्यांना आई म्हणायचा. मग पाठोपाठ जी जी लेकरं झाली ती त्याचं ऐकून त्यांनाच आई म्हणायला लागली. त्यानं मला काकू म्हटलं म्हणून मी सगळ्यांची काकू झाले. धाकट्या जाऊबाईंच्या जुळ्या मुली आपल्या सख्ख्या आईला लहान काकू म्हणतात. ती मोठी निवांत बाई आहे. "मले कमी हाका मारतेत ते बरंच हाय," म्हणते आणि फोन पाहत पडते. माझा नवरा घरातल्या सगळ्या लेकरांचा भाऊ आहे, स्वतःच्या मुलाचाही.

नवीन लग्न होऊन आले तेव्हा तर मी पुरती चक्रावले होते. नवरा आपल्या आईला 'वहिनी' म्हणायचा. मला वाटलं, घरात आणखी एक मोठी जाऊ आहे आणि ती मला कोणी दाखवतच नाही. मग कळलं, सासूबाईंचे दीर लहान होते, ते त्यांना वहिनी म्हणायचे, ते ऐकून तिघं भाऊ आणि माझी नणंदही तेच म्हणायला लागली. मी एकदा धीर करून विचारलं, "तुमाले वाईट नाही वाटलं?"

सासूबाई तुरी पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मले त आजवर कोनीच आई म्हनलं नाही. मेली काय मी?"

मी खाली बसून खडे वेचू लागले.

आता शाळेचं. मी माहेरची धनजची, डी.एड. झालेली, पण नोकरी काही लागली नाही. लग्नानंतर माझी पदवी कपाटाच्या वरच्या खणात आणि मी खालच्या चुलीपाशी, असं चाललं होतं. मग ते बंदचे दिवस आले. शाळा बंद, एसटी बंद, आणि सरांचे धडे फोनवर. घरात धड चालणारा फोन एक, रेंज फक्त गच्चीवर, आणि शिकणारी लेकरं सात. गच्चीवर ऊन मी म्हणत असायचं. सातही जणं एका फोनवर वाकून बसायची आणि खाली यायची ती एकमेकांना ओरबाडून. तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी जुन्या कपाटाचं एक दार उतरवलं, त्याला काळा रंग दिला, सपरीत भिंतीला टेकवलं आणि सगळ्यांना ओरडून खाली बोलावलं.

पुण्याची माझी वहिनी नंतर फोनवर म्हणाली, "अय्या, तुम्ही होमस्कूलिंग करता!" तिनं मला त्याचे व्हिडिओ पाठवले. त्यात एक आई, एक लेकरू, लाकडी खेळणी आणि खिडकीतून येणारं कोवळं ऊन. आमच्याकडे बाक म्हणजे सोयाबीनची पोती, आणि माल विकला की बाक गेले, लेकरं जमिनीवर. पाव आणि अर्धा शिकवायला भाकर आणली की उदाहरण सुटायच्या आत भाकर संपायची. वाचायला खताच्या पिशव्या, फवारणीच्या डब्यावरच्या सूचना आणि आल्या-गेल्या लग्नपत्रिका. मध्येच जाऊबाईंची हाक यायची, "काय व, लसून सोलाचा हाय, लेकरं दे." मग आठाचा पाढा लसूण सोलत व्हायचा. थोरले दीर शेतातून आले की पाय धुता धुता मोठ्यांदा पावकी-निमकी म्हणायला लावायचे. माझी अर्धी शिकवणी ते मोडून टाकायचे आणि वर मलाच म्हणायचे, "तुह्या पुस्तकात हे नाही काय?"

माझा मुलगा तेव्हा झोळीत होता. सपरीच्या आढ्याला लुगड्याची झोळी बांधलेली, आणि ज्याची पाढे म्हणायची पाळी त्यानं पायानं झोका द्यायचा. म्हणजे हे लेकरू जन्मापासून वर्गातच वाढलं. दिवसभर सात तोंडांनी त्याच्या कानावर एकच पडत होतं : काकू, झालं. काकू, पाय ना. काकू, यानं मले चिमटा काढला. त्यानं पहिला बोल काढला तो 'काकू' असा. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, मीही पिटल्या. तेव्हा हसूच आलं होतं. खरंच सांगते, तेव्हा कुठेही टोचलं नाही.

शाळा उघडल्या, तशी मोठी लेकरं एकेक करून गेली. मग जुळ्या गेल्या. माझा मात्र सपरीतच राहिला. का राहिला, याला कोणाकडे धड उत्तर नाही. सासूबाई म्हणायच्या, "काखेत कळसा अन् गावाले वळसा. घरची मास्तरीन असून बाहेर काहून धाडता?" नवरा म्हणायचा, "तुले जसं वाटते तसं." हा माणूस पेरणी कधी करायची याबद्दल तासभर बोलू शकतो, पण मुलाचं काय करायचं विचारलं की 'तुले जसं वाटते तसं'. आणि मला रोज वेगळं वाटायचं. सकाळी तो खताच्या पिशवीवरचं घडाघडा वाचायचा तेव्हा वाटायचं, कुठल्या शाळेत पाच वर्षांच्या पोराला एवढं येतं? दुपारी तो एकटाच पोत्यावर बसून रिकाम्या जागेला "तू चूप बस रे" असं दटावायचा, तेव्हा वाटायचं, याला सोबत हवी, आणि तसं मी घरात ओरडूनही सांगायचे.

त्यात माझाच एक नियम मला नडत होता. सात लेकरांना शिकवताना मी ठरवलं होतं, आपला-परका करायचा नाही. एकत्र घरात आपल्या लेकराला जरा जास्त कुरवाळलं की दोन जावा आणि एक सासू यांच्या नजरा पाठीला जाणवतात, कोणी काही बोलत नाही तरी. म्हणून मी त्याला उलट जास्तच कडक वागवलं. तो कडब्याच्या गंजीवरून पडला आणि गुडघा फोडून रडत आला, तेव्हा मी दारातच उभी होते. तो माझ्या बाजूनं धावत गेला आणि आत जाऊबाईंच्या पदरात शिरला. त्यांनी हळद लावली, गूळ दिला. मी फळ्यावरचं पुसत राहिले. फळा कोराच होता.

एकदा घरी कोणी नव्हतं. मी त्याला जवळ घेऊन विचारलं, "तू कोनाच्या पोटातून आला?"

"तुह्या."

"मंग मी तुही कोन?"

"काकू." त्याला हसू आलं, मला एवढंही येत नाही म्हणून.

"अरे, पोटातून काढते ती आई असते."

त्यानं विचार केला. "हो, पन तू काकू हायेस ना. आई आतमधी हाय."

"मंग मले आई म्हनून पाय बरं."

तो म्हणाला, "आई," आणि लगेच मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं, कोणी आलं का म्हणून. मी पुन्हा कधी तो प्रयोग केला नाही. त्याच्या डोक्यात काही घोटाळा नव्हता. घोटाळा सगळा माझ्या डोक्यात होता.

या वर्षी तो सहाचा झाला आणि जाऊबाईंनी विषय काढला. त्यांचा मोठा वाशीमला कॉलेजात, मुलगी दहावीत जाणार. दोघांचं खायचं-प्यायचं पाहायला त्या वाशीमलाच भाड्यानं घर घेऊन राहणार होत्या. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मी याले बी नेते. चांगल्या शाळेत टाकू. मले आई म्हनते, रडनार बी नाही."

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या बाईनं माझ्या मुलाला न्हाऊ घातलं, त्याचे कान टोचून आणले. पण ते शेवटचं वाक्य मला असं लागलं की माझ्या हातातली परात वाजली. राग कोणावर काढायचा तेच कळेना. नाही म्हणावं, तर कोणत्या तोंडानं? मीच तर ओरडत होते की त्याला सोबत हवी. हो म्हणावं, तर तो आईसोबत वाशीमला जाणार आणि मी इथे काकू म्हणून उरणार, हिवाळ्यात त्याला बोरं पाठवणारी. आठवडाभर मी हो आणि नाही यांच्यात हेलपाटे घातले. शेवटी मास्तरीण जिंकली. घरच्या शाळेत त्याला सगळं येत होतं, फक्त परक्या पोराशी बोलता येत नव्हतं.

आम्ही तिघं सकाळच्या एसटीनं वाशीमला गेलो. स्टँडवरून ऑटो करून शाळेत. परीक्षा-बिरीक्षा काही नव्हती, नुसती ओळख, असं सांगितलं होतं. मॅडम तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी त्याला खुर्चीवर बस म्हटलं, तर तो खाली फरशीवर मांडी घालून बसला. आमच्या शाळेत खुर्ची फक्त सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी आहे. त्यांनी पुस्तक दिलं, त्यानं वाचलं. बेरीज घातली, ती केली. मग मॅडम म्हणाल्या, "अरे वा! आणखी एक करशील?"

"हो काकू," तो म्हणाला.

मॅडम हसल्या. "मी काकू नाही, मॅडम."

"हो, मॅडम काकू."

म्हणजे जिच्या हातात खडू ती काकू! एवढी वर्षं मी मनाची समजूत घालत होते की नुसतं नाव वेगळं आहे, पण आहे ते माझंच. आता ते नावही माझं नव्हतं. उद्या या मॅडम त्याच्या काकू होतील, आई तर सोबत असेलच. मग मी कोण?

मी हा विचार करत होते आणि मॅडम त्याला विचारत होत्या, "तुझी आई कोणती सांग बरं यांतली?" त्यानं जाऊबाईंकडे बोट केलं. मॅडम त्यांना काहीबाही विचारू लागल्या आणि मग सहज माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही?"

"मी काकू," मी म्हटलं.

कोणी मारून-मुटकून वदवलं नव्हतं. तोंडातून तेच आलं. आणि आल्यावर ते मागे कसं घ्यायचं हे मला सुचेना. मॅडमनी मान हलवली, त्यांच्या दृष्टीनं सगळं जागच्या जागी होतं. माझ्या मुलानंही मान हलवली, बरोबर उत्तर दिल्यासारखी.

जाऊबाईंनी मात्र माझं मनगट धरलं. "मॅडम, याले जरा पाहा. आमी येतो," म्हणाल्या आणि मला ओढतच बाहेर नेलं. व्हरांड्यात एक बाक होता, त्यावर मला बसवलं.

"काय बोलून राह्यली व तू? डोक्शावर पडली काय?"

मला रडू फुटलं. जे इतके दिवस कोणाजवळ बोलले नव्हते ते सगळं बोलले. की तो तुमालेच आई म्हनते. की पडला तर तुमच्याच पदरात जाते. की आता त्याले घेऊन चाललात, मंग माह्यं काय उरलं? मोठ्या जावेला असं तोंडावर बोलायची आमच्या घरात रीत नाही, पण बोलून बसले.

त्यांनी पर्स उघडली, बंद केली. मग म्हणाल्या, "तुहं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं ना, तवा याले ताप भरला होता. तुले सांगतलं नाही आमी. तू दवाखान्यात, उगी जिवाले घोर."

मला हे ठाऊकच नव्हतं.

"मी उशाशी बसून पट्ट्या ठेवो. मी म्हनो, बेटा, आई हाय ना इथं. तर मले ढकले अन् काकू, काकू करे. माह्या मांडीवर डोकं, अन् हाका तुले." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "गूळ पाहिजे तर मी आई. गुडघा फुटला तर हळद माह्यापाशी, म्हनून आई. जीव घाबरला का मी कोनीच नाही. मलेही काही वाटत असन का नाही? मले वाटलं, वाशीमले नेलं, तू समोर नसली, तर होईन माह्या जिवाचा."

शाळेची घंटा झाली. आम्ही दोघी तिथे बसून रडत होतो आणि येणारे-जाणारे पालक, हिचं लेकरू नापास झालं का काय, अशा नजरेनं पाहत होते.

"मी नाही नेत त्याले," जाऊबाई उठत म्हणाल्या. "रोज संध्याकाळी काकू काकू ऐकत बसू काय? तू घेऊन जाय तुहं तुले."

हेच ऐकायला मी आठवडाभर आसुसले होते. आणि ऐकल्यावर मला आनंद व्हायच्या ऐवजी वाईटच वाटलं. त्यांच्यासाठी, आणि एवढी चांगली शाळा हातची गेली म्हणून त्याच्यासाठीही. मी "राहू द्या, तुमीच न्या," असंही म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्यावर डोळे वटारले. परतीच्या एसटीत तो दोघींच्या मध्ये बसला. पाय जाऊबाईंच्या मांडीवर, डोकं माझ्या. आणि आमच्या वाशीमकडचं मालेगाव यायच्या आत झोपला.

जून संपता संपता शाळा उघडल्या, तेव्हा मी त्याला गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत घातलं. कोणाला न विचारता. नवरा म्हणाला, "तुले जसं वाटते तसं." सासूबाई कुरकुरल्या, पण त्यांनीच त्याच्या डोक्याला तेल लावून भांग पाडला. जाऊबाई वाशीमला गेल्या होत्या. सकाळीच त्यांचा फोन येऊन गेला, डब्यात काय दिलं म्हणून.

पोरांनी रडून पहिलीचा वर्ग नुसता डोक्यावर घेतलेला. सरांनी, तेच ते पाहणीवाले, त्याला ओळखलं आणि पुढच्या रांगेत बसवलं. तो पाठ ताठ करून बसला. इकडे-तिकडे इतकी अनोळखी पोरं त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली असतील. मी दारातूनच परतले. आठ-दहा बाया फाटकापाशी रेंगाळत होत्या, त्यांच्यात मीही थांबले. आतून एकच कल्लोळ ऐकू येत होता. आई, आई, मम्मी, ओ आई. प्रत्येक बाई आपलं लेकरू ओळखायचा प्रयत्न करत होती.

आणि मग त्यात एक हाक आली. "काकू!" मग पुन्हा, खिडकीच्या गजातून, सगळ्यांच्या वर चढलेली, गळा फाटेस्तोवर, "काकू! ओ काकू!"

माझ्या शेजारची बाई पदर तोंडाला लावून दुसरीला म्हणाली, "अव माय, काकूले हाका मारून राह्यलं व लेकरू. माय नाही वाटते बिचाऱ्याले."

"हाय, हाय," मी म्हटलं, आणि फाटक ढकलून आत धावले.